घटक ४ : उपवासकाळाचे पालन – ल्यूथरन परंपरा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळी

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• ख्रिस्ती उपवासकाळाची गणना व त्याचे प्रमुख दिवस सांगता येतील.
• उपवासाविषयी मार्टिन ल्यूथर यांची भूमिका कोणत्या परिस्थितीत घडली, हे स्पष्ट करता येईल.
• अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळींच्या दोन वारशांतील फरक विशद करता येईल.
• 'उपास' आणि 'उपासमार' या दोन शब्दांतील अंतर धर्मविचाराच्या संदर्भात मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास करताना रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची नावे आपल्या परिचयाची झाली आहेत. त्यांच्या जीवनाचा मोठा आणि महत्त्वाचा भाग अहमदनगर व राहुरी येथे गेला. आज अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा मराठी ख्रिस्ती समाजाच्या घडणीचे एक प्रमुख केंद्र आहे. या समाजाचे लेखन वाचताना प्रभुभोजन, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार असे शब्द वारंवार येतात. त्यांमागील धार्मिक वर्षाची कल्पना नसेल, तर लेखनातील भाव पूर्णपणे उमगत नाही.

या वर्षातील सर्वांत गंभीर काळ म्हणजे उपवासकाळ. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत त्याला 'लेंट', 'लेंथ', 'उपवासकाळ' किंवा 'प्रायश्चित्तकाळ' अशी नावे आहेत. प्रस्तुत घटकात आपण 'उपवासकाळ' हा शब्द वापरणार आहोत.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्या ल्यूथरन नाहीत. त्या काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन मिशनांच्या कार्यातून उभ्या राहिल्या. मग येथे ल्यूथरन परंपरेचा विचार कशासाठी? कारण उपवास बंधनकारक असावा, की तो मुळीच नसावा, हा वाद प्रॉटेस्टंट चळवळीच्या आरंभी उभा राहिला, तेव्हा ल्यूथर यांनी एक तिसरे उत्तर दिले. त्या उत्तराच्या प्रकाशात या जिल्ह्यातील मंडळींचा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उपवासकाळाची गणना

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पुनरुत्थानाच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी संपतो. हे दिवस मोजल्यास ४६ भरतात. त्यांतील ६ रविवार वगळले म्हणजे ४० दिवस उरतात. प्रत्येक रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे स्मरण असल्याने तो उपवासाचा दिवस मानला जात नाही. येशूने अरण्यात केलेला चाळीस दिवसांचा उपवास हा या संख्येमागील मुख्य आधार होय.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर अवलंबून असते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा चर्चच्या गणिताचा नियम आहे. आपल्या पंचांगाच्या भाषेत ही पौर्णिमा सामान्यतः फाल्गुनाची किंवा चैत्राची असते. २०२४ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आणि ईस्टर ३१ मार्चला होता. २०२५ साली हेच दिवस अनुक्रमे ५ मार्च आणि २० एप्रिल रोजी आले.

त्यामुळे एकाच गावात ख्रिस्ती कुटुंबाचा उपवासकाळ चालू असताना शेजारी होळी पेटते. २०२४ साली तर झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला, आले. त्या दोन्ही वर्षी रमजानचे रोजेही याच काळात होते.

उपवासकाळाचा शेवटचा आठवडा 'पवित्र सप्ताह' म्हणून ओळखला जातो. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचे स्मरण झावळ्यांच्या रविवारी, शेवटच्या भोजनाचे स्मरण गुरुवारी आणि वधस्तंभावरील मरणाचे स्मरण उत्तम शुक्रवारी केले जाते.

४.२.२ मध्ययुगीन नियम आणि त्यांतील पेच

मध्ययुगीन पश्चिम युरोपात उपवासकाळाचे नियम कडक होते. मांस तर वर्ज्य असेच. अनेक प्रदेशांत अंडी, दूध आणि लोणी यांनाही मनाई असे. दक्षिण युरोपात ऑलिव्हचे तेल सहज मिळे. उत्तरेकडील थंड प्रदेशांत मात्र लोण्यावाचून स्वयंपाक होणे कठीण होते. अशा ठिकाणी ठरावीक रक्कम भरून लोणी खाण्याची परवानगी मिळवता येऊ लागली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. या परवानग्यांतून आलेला पैसा त्याच्या बांधकामासाठी लागला, असे त्या नावाचे कारण सांगितले जाते.

ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला नियमातून सूट मिळते आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्या मनावर पापाचे ओझे राहते, असा हा पेच होता. ल्यूथर यांनी १५२० साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत या व्यवहारावर कठोर टीका केली.

४.२.३ ल्यूथर यांची भूमिका

३१ ऑक्टोबर १५१७ या दिवसाशी जोडल्या गेलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्याच प्रबंधात ल्यूथर यांनी असे प्रतिपादन केले की, श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य हाच पश्चात्ताप आहे. म्हणजे पश्चात्ताप वर्षातील चाळीस दिवसांपुरता मर्यादित राहत नाही. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने व विश्वासाने. उपवास, यात्रा, दानधर्म यांतून ते पुण्य विकत घेता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

या विचारातून दोन टोकाचे निष्कर्ष निघू शकत होते आणि १५२२ सालच्या उपवासकाळात तसे घडलेही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एका मुद्रकाच्या घरी काही मंडळींनी मुद्दाम मांसाचे सॉसेज खाऊन नियम मोडला. धर्मसुधारक झ्विंग्ली तेथे उपस्थित होते. त्यांनी स्वतः ते खाल्ले नाही, परंतु पुढे प्रवचनातून व लेखनातून खाणाऱ्यांचे समर्थन केले. इकडे जर्मनीतील विटेनबर्ग येथे ल्यूथर यांच्या अनुपस्थितीत त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारणा घाईने व सक्तीने लादण्यास प्रारंभ केला होता. ल्यूथर आश्रयस्थानातून परतले आणि उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून, ९ मार्च १५२२ पासून, त्यांनी सलग आठ दिवस प्रवचने दिली.

या प्रवचनांतील युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मांस खाणे वा न खाणे ही मोकळीक आहे. कोणी मांस खाण्यास बंदी करून त्याला देवाज्ञेचे रूप दिले, तर मोकळीक दाखवून देण्यासाठी ते खावे. पण शेजाऱ्याचे मन अद्याप दुबळे असेल आणि आपल्या खाण्याने ते दुखावणार असेल, तर प्रेमाखातर थांबावे. जुनी सक्ती काढून तिच्या जागी नवी सक्ती बसवणे, हे ल्यूथर यांना मान्य नव्हते.

पुढे १५२९ सालच्या लघु प्रश्नोत्तरीत त्यांनी प्रभुभोजनाच्या संदर्भात सांगितले की, उपवास व शारीरिक तयारी ही चांगली बाह्य शिस्त आहे. परंतु खरी पात्रता विश्वासातून येते. १५३० साली सादर झालेल्या ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकारातील २६वे कलम आहारभेदाविषयी आहे. अन्नाचे नियम पाळून कृपा मिळते ही कल्पना ते नाकारते. मात्र देहाला वळण लावणे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य आहे, असेही ते बजावते. प्रथा ठेवावी, तिचा पुण्यसंचय करू नये, असे या भूमिकेचे सार सांगता येईल.

४.२.४ ल्यूथरन पालनाची रीत

ल्यूथरन मंडळींनी धार्मिक वर्ष कायम ठेवले. उपवासकाळातील रविवारांची जुनी लॅटिन नावे त्यांच्याकडे टिकून राहिली. वेदीवर जांभळे वस्त्र असते. उपासनेतून 'हालेलूया'चा घोष वगळला जातो आणि तो ईस्टरलाच पुन्हा उमटतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी विशेष उपासना होते व तीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वृत्तान्त क्रमाने वाचला जातो. विटेनबर्गचे पाळक योहानेस बुगेनहागेन यांनी चारही शुभवर्तमानांतील हा वृत्तान्त एकत्र गुंफला आणि ती संहिता दीर्घकाळ वापरात राहिली. अशा प्रकारे भर आहाराच्या नियमांवरून श्रवण, मनन व गायन यांच्याकडे वळला.

या गायनाने संगीताला मोठे लेणे दिले. योहान सेबास्टियन बाख यांचे योहानाच्या शुभवर्तमानावर आधारित दुःखसहन-संगीत १७२४ सालच्या उत्तम शुक्रवारी लाइपझिगच्या चर्चमध्ये प्रथम सादर झाले. त्या नगरात उपवासकाळाच्या बहुतेक रविवारी वाद्यमेळासह होणारे संगीत बंद असे. त्या शांततेनंतर ही रचना ऐकणाऱ्यांवर तिचा किती खोल परिणाम होत असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

अलीकडच्या काळात जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळींत १९८३ पासून 'सात आठवडे वर्ज्य' अशा अर्थाचा एक उपक्रम चालतो. मद्य, गोड पदार्थ, किंवा एखादी जडलेली सवय लोक स्वेच्छेने सात आठवडे सोडतात. काय सोडावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) उपवासकाळात ४६ दिवस असूनही ते ४० का मोजले जातात?
(आ) १५२२ सालच्या प्रवचनांत ल्यूथर यांनी मोकळिकीला कोणती मर्यादा सांगितली?

४.२.५ अहिल्यानगर : दोन वारसे

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगर येथे १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहूनच निघू लागले. हे मिशनरी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील काँग्रिगेशनल परंपरेतून आले होते. तिचे मूळ प्युरिटन विचारात होते आणि प्युरिटनांनी धार्मिक वर्षच नाकारले होते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करण्यावरही दंड होता. उपवासकाळाला त्या परंपरेत स्थान नव्हते.

याचा अर्थ ते उपवास करीत नसत, असा मात्र नाही. दुष्काळ, रोगराई, युद्ध अशा प्रसंगी उपवास व प्रार्थनेचा एखादा दिवस ठरवून जाहीर केला जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये असा वार्षिक दिवस पाळण्याची प्रथा १८९४ पर्यंत टिकली. म्हणजे प्युरिटन परंपरेत उपवास प्रसंगाने ठरे. जुन्या चर्चमध्ये तो पंचांगाने ठरे.

१८७०च्या दशकात अँग्लिकन चर्चच्या एस.पी.जी. मिशनने या जिल्ह्यात कार्य आरंभले. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवारपासून उपवासकाळाच्या नेमलेल्या प्रार्थना व वाचने होती. याशिवाय संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या परिसरांत रोमन कॅथलिक मंडळ्याही उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे उपवासाचे नियम चर्चच्या कायद्याचा भाग होते. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली हे नियम सौम्य केले. त्यानंतर पूर्ण उपवासाचे बंधन राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरते राहिले.

अशा रीतीने एकाच जिल्ह्यात, काही वेळा शेजारशेजारच्या गावांत, उपवासकाळ न पाळणारी आणि तो पाळणारी अशी मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. काँग्रिगेशनल व अँग्लिकन असे दोन्ही वारसे त्यात एकत्र आले. ल्यूथरन चर्चसंस्था या एकीकरणात सामील झाल्या नाहीत. १७०६ साली तरंगमबाडीला सुरू झालेल्या मिशनपासूनची त्यांची वाटचाल स्वतंत्रच राहिली.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. एकीकृत चर्चने उपवासकाळाचा समावेश आपल्या उपासना-वर्षात केला. पण आहाराचा नियम कोणावर लादला नाही. ल्यूथरन संस्था बाहेर राहिल्या, तरी उत्तर बरेचसे ल्यूथर यांच्या उत्तरासारखेच निघाले. याला ल्यूथर यांचा थेट प्रभाव म्हणण्यापेक्षा, दोन वारसे एकत्र नांदवताना गवसलेली वाट म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या पालनाला मराठी रूप आले ते गीतांमुळे. टिळकांनी भजन, कीर्तन, अभंग या देशी रूपांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यांची अनेक गीते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात असून मराठी मंडळ्यांत गायली जातात. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प त्यांनी 'ख्रिस्तायन' या काव्यात केला. १९१९ साली त्यांचे निधन झाल्यावर ते अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. विटेनबर्गमध्ये जे काम जर्मन भाषेतील स्तोत्रांनी केले, ते येथे अभंग-ओवीने केले. ख्रिस्ताच्या दुःखाची कथा श्रोत्यांच्या स्वतःच्या भाषेत व चालीत आणणे, हे ते काम होय.

४.२.६ उपास आणि उपासमार

आता एका अवघड प्रश्नाचा विचार करू. ज्याचे पोट मुळातच अर्धे रिकामे आहे, त्याला उपवास करावयास सांगण्यात काय अर्थ आहे?

हा प्रश्न या जिल्ह्यात केवळ तात्त्विक नव्हता. पर्जन्यछायेतील या प्रदेशाने १८७६–७८ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ सोसले. येथील ख्रिस्ती मंडळींत महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. गावकुसाबाहेर राहून बलुत्यावर व मजुरीवर जगणाऱ्या या कुटुंबांना भूक ओळखीची होती. मराठीत 'उपास' आणि 'उपासमार' हे शब्द अगदी जवळचे आहेत. परंतु उपास माणूस स्वतः स्वीकारतो, उपासमार त्याच्यावर कोसळते. पहिल्यात निवड आहे, दुसरीत ती हिरावलेली आहे. घरात धान्य असणाऱ्याच्या उपवासाला त्यागाचा अर्थ येतो. धान्यच नसेल तर त्या न जेवण्याला व्रत म्हणणे ही क्रूर थट्टा होईल.

अन्नाचा संबंध येथे प्रतिष्ठेशीही होता. कोणी काय खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, यावरून माणसाची पायरी ठरवली जाई. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचताना सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार त्यांच्या मनातून हळूहळू, विचारपूर्वक कसे गळून पडले, हे आपण पाहतो. अन्नामुळे माणूस देवाच्या जवळ वा दूर जात नाही, हे ऑग्सबर्गच्या कलमातील तत्त्व जर्मनीत चर्चच्या नियमांविरुद्ध मांडले गेले होते. मराठी मुलखात त्याच तत्त्वाला जातिभेदाच्या संदर्भात अधिक धारदार अर्थ प्राप्त होतो.

मग उपवासकाळात उरते काय? ख्रिस्ती परंपरेत उपवास, प्रार्थना व दान या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. यशया संदेष्ट्याने तर भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, हाच देवाला आवडणारा उपवास मानला. ल्यूथर यांच्या भूमिकेचा कलही याच दिशेने आहे. पुण्य मिळवण्याचा भार उतरला, म्हणजे हात शेजाऱ्याच्या सेवेला मोकळे होतात. १५२३ साली लाइसनिग या गावाने गरिबांच्या मदतीसाठी सामायिक निधीची पेटी स्थापन केली, तेव्हा तिच्या नियमावलीला ल्यूथर यांनी प्रस्तावना लिहिली. चारशे वर्षांनंतरच्या आपल्या जिल्ह्यात, 'स्मृतिचित्रे'त टिळक दांपत्याने अनाथ मुलांना घरात दिलेला आश्रय आपण वाचतो. त्या घरात आधीच चणचण होती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वतःच्या घासातून वाटा काढणे म्हणजे काय, ते कळते.

४.२.७ एक तौलनिक दृष्टिक्षेप

याच जिल्ह्यातील नेवासे येथे 'ज्ञानेश्वरी'ची रचना झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायावरील निरूपणात ज्ञानेश्वरांनी अतिआहार आणि देह कष्टवणारे अनशन हे दोन्ही टाळून युक्त आहाराचा पुरस्कार केला आहे. वारकरी परंपरा एकादशीचे व्रत पाळते आणि त्याच परंपरेतील संत अंतःकरण न बदलणाऱ्या बाह्य आचारावर कोरडेही ओढतात. प्रथा जपणे आणि तिच्या दिखाऊपणावर टीका करणे, या बाबतीत ल्यूथर व संत यांच्यात साम्य जाणवते.

तथापि, विद्यार्थ्यांनी हे साम्य ताणू नये. ल्यूथर यांचा मुद्दा विश्वासाने नीतिमान ठरण्याचा आहे. तो ख्रिस्ताच्या मरणाशी अविभाज्यपणे जोडलेला आहे. भागवत धर्मातील भक्ती, नामस्मरण व एकादशी यांची तात्त्विक बैठक वेगळी आहे. तुलनेचा उपयोग दोन्ही परंपरा नीट समजण्यासाठी करावा. एकीत दुसरी विरघळवण्यासाठी करू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) अमेरिकन मराठी मिशनच्या मूळ परंपरेत उपवासकाळाला स्थान का नव्हते?
(आ) 'उपास' व 'उपासमार' यांत कोणता मूलभूत फरक आहे?

४.३ सारांश

उपवासकाळ हा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा आत्मपरीक्षणाचा काळ होय. मध्ययुगात त्याला आहाराच्या सक्तीचे रूप आले. प्युरिटनांनी तो काळच नाकारला. ल्यूथर यांनी तो ठेवला, पण त्यातील सक्ती व पुण्यसंचयाची कल्पना काढून टाकली. अहिल्यानगर जिल्ह्यात उपवासकाळ नाकारणारा काँग्रिगेशनल वारसा आणि तो जपणारा अँग्लिकन वारसा १९७० साली एका चर्चमध्ये आले. टिळकांच्या गीतांनी या परंपरेला मराठी सूर दिला. दुष्काळ व जातिभेद अनुभवलेल्या या समाजाच्या संदर्भात उपवासाची कसोटी ताटात काय नाही ही नसून, ताटातले कोणापर्यंत पोहोचले ही ठरते.

४.४ पारिभाषिक शब्द

राखेचा बुधवार : उपवासकाळाचा पहिला दिवस, भस्म बुधवार.
प्रभुभोजन : येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणारा भाकर व द्राक्षारसाचा विधी.
विश्वासांगीकार : श्रद्धेच्या मुख्य तत्त्वांचे जाहीर निवेदन.
दुःखसहन : ख्रिस्ताच्या अटकेपासून मरणापर्यंतचा यातनामय वृत्तान्त.
पाळक : मंडळीचा धर्मगुरू.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचे स्मरण असल्याने ६ रविवार वगळले जातात. (आ) दुबळ्या मनाच्या शेजाऱ्याविषयीचे प्रेम ही मोकळिकीची मर्यादा होय.

२ (अ) ती परंपरा प्युरिटन विचारातून आली होती व प्युरिटनांनी धार्मिक वर्ष नाकारले होते. (आ) उपास स्वेच्छेने स्वीकारलेला असतो. उपासमार परिस्थितीने लादलेली असते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. 'प्रथा ठेवावी, तिचा पुण्यसंचय करू नये' या विधानाच्या आधारे ल्यूथर यांची उपवासविषयक भूमिका ३०० शब्दांत स्पष्ट करा.

२. 'स्मृतिचित्रे'मधील अन्न, पाणी व सोवळे यांसंबंधीचा एखादा प्रसंग निवडून त्यातील मनःपरिवर्तनाचे टप्पे लिहा.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील कोणत्याही धर्माच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. त्यांच्या बालपणी घरात कोणते उपवास होत, त्या दिवशी काय शिजे, आणि दारी आलेल्याला काय दिले जाई, हे विचारून एक पानाची नोंद तयार करा. मुलाखत घेण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी आणि त्यांचेच शब्द शक्यतो जसेच्या तसे टिपावेत.